सवतीच्या पंखावरचं ठिगळ

आपल्याला घरातच सवत आहे, असं रफूवाल्या बाई चारचौघांत सांगायच्या. गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी करून उजेडात धरायच्या आणि त्याच दमात म्हणायच्या, की आमच्या ह्यांना वेळ कुठला, संध्याकाळ झाली की ते आणि माझी सवत. नवं गिऱ्हाईक बिचकायचं. जुन्यांना माहीत होतं की सवत म्हणजे विमान. तेही एक नव्हे, काचेच्या कपाटात मावत नव्हती इतकी. बाईंचे यजमान चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे, फ्रेमचे मुंगीएवढे स्क्रू बसवायचे, म्हणून त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. घरी आले की चहा घेऊन हा माणूस खिडकीजवळच्या टेबलाशी बसे आणि जुन्या युद्धातल्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती जोडत राही. प्लॅस्टिकचे सुटे भाग, चिमटा, गोंद आणि दोन केसांचा कुंचला. बाई जेवायला हाक मारायच्या, पानं घ्यायच्या, पुन्हा हाक मारायच्या. तिसऱ्या हाकेला सवतीचा उद्धार व्हायचा, तेव्हा कुठे चष्मेवाले उठत.

भांडण म्हणाल तर एवढंच. विमानांबद्दल ते कधी काही सांगू लागले, की बाई एका कानाने ऐकायच्या आणि दुसऱ्याने सोडून द्यायच्या. कुठलं विमान कुठे पडलं आणि कुठलं परत आलं, हे ऐकून त्यांच्या जिवाला काय करायचं होतं?

त्यांचं स्वतःचं राज्य वेगळं होतं. एका इमारतीच्या जिन्याखालची खोली. वरून कोणी दणदण उतरलं की दिवा हलायचा. तिथे बसून बाईंनी उभा जन्म लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवली. सिगारेटने जळलेली, खिळ्याला अडकून फाटलेली, कसरीने खाल्लेली. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून दोरे काढायचे आणि भोकावर उभे-आडवे विणत जायचे, मूळच्या विणीत वीण मिसळेपर्यंत. हे त्यांना आत्याने शिकवलं. आत्या भारी कडक. झालेला रफू ती खिडकीच्या काचेला लावून बघायची आणि सापडला की एका हिसक्यात उसवून टाकायची. दिसला तो रफू नव्हे, असं तिचं म्हणणं. बाईंच्या ते इतकं अंगात भिनलं, की कपडा परत देताना भोक कुठे होतं ते त्या सांगायच्याच नाहीत. "शोधून दाखवा," म्हणायच्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. गिऱ्हाईक शोधून शोधून दमायचं आणि बाईंचा दिवस सार्थकी लागायचा.

मग चष्मेवाल्यांचा उजवा अंगठा हलायला लागला. सुरुवातीला दोघांनीही तिकडे काणाडोळा केला. पुढे अंगठ्यामागून बोटं आली, बोटांमागून मनगट. दुकानात एक भिंग हातातून सुटलं, पाठोपाठ दुसरं, आणि कोणी काही म्हणायच्या आत चष्मेवाल्यांनीच मालकांना सांगून टाकलं की आता पुरे. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, रोज दुपारी दवाखान्यात येऊन व्यायाम करायला सांगितला, आणि म्हणाल्या की हा रोग सावकाश चालतो, घाबरायचं कारण नाही, माणूस वर्षानुवर्षं जगतो. चष्मेवाल्यांनी हे अशा तोंडाने ऐकलं, की कोणाला वाटावं शिक्षाच सुनावली.

टेबलावर तेव्हा एक विमान पुरं व्हायचं होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं. युद्धातलं दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. गंमत म्हणजे त्याचं अंग पत्र्याचं नव्हतं, कापडाचं होतं. आत धातूच्या पट्ट्यांची जाळी आणि वरून ताणून बसवलेलं कापड. त्याचं किट चष्मेवाल्यांनी तरुणपणी घेऊन जपून ठेवलं होतं. अजून हात बसायचाय, म्हणायचे. इतर विमानांवर हात बसवता बसवता केस पांढरे झाले, आणि शेवटी खोकं उघडलं तेव्हा बसलेला हात उठून चालायला लागला होता. तरी त्यांनी नेट लावला. गोळीचा अंमल असेल तेवढी वेळ साधायची, कोपरं टेबलाला टेकवायची, श्वास रोखायचा. असं करत धड झालं, पंख लागले. रंग, खुणा आणि खिडक्यांच्या काचा तेवढ्या राहिल्या.

एका संध्याकाळी चिमट्यातून एक काच उडाली आणि फरशीवर पडली. तांदळाच्या दाण्याएवढी. चष्मेवाले वाकले आणि ती उचलायला धडपडत राहिले. चिमटा फरशीवर टकटक वाजत होता, काच काही हाती येईना. बाईंना ते बघवेना. त्यांनी येऊन नखाने काच उचलली आणि टेबलावर ठेवली. चांगलंच केलं होतं हो त्यांनी! पण चष्मेवाल्यांनी सगळं गोळा केलं, खोक्यात भरलं आणि खोकं कपाटावर टाकून दिलं.

तिथून घरात बोलणं म्हणजे हो, नाही आणि बघू. हात कायम खिशात. शर्टाची बटणं लागेनात तेव्हा बाई पुढे झाल्या, तर ते मागे सरले आणि दुसऱ्या दिवसापासून बिनबटणांचे सदरे घालू लागले. जेवायला आता पहिल्याच हाकेला येत. बाईंनी इतकी वर्षं हेच तर मागितलं होतं, आणि आता पहिल्या हाकेला खुर्ची सरकल्याचा आवाज आला की त्यांना रडू यायचं.

बाईंना विमानाचं सोयरसुतक नव्हतं. पण माणूस समोर बसलेला असून घरात नव्हता, आणि तो परत यायला हवा होता. सवतीवाचून तो यायचा नाही, एवढं तर त्यांना संसारात कळलं होतं. मग त्यांनी ठरवलं की हे विमान आपणच पुरं करायचं. हात आपल्यालाही आहेत, आणि बरे आहेत. फार तर काय, ओरडतील. ओरडू देत. ओरडणाऱ्या माणसाशी बोलता तरी येतं.

चष्मेवाले दुपारी व्यायामाला गेले की बाई दुकानाचं दार ओढून घेत, घरी येत आणि खोकं खाली काढत. पहिल्या दिवशी त्यांनी विमान दिव्याखाली धरून सगळीकडून न्याहाळलं, जसं फाटकं कापड न्याहाळतात तसं. कबूल करायला हवं, काम देखणं होतं. पंखांवर कापडाखालच्या फासळ्यांच्या रेघा होत्या, केसासारख्या, एकसारख्या अंतरावर. आणि डाव्या पंखाच्या टोकाशी बाईंचं बोट अडलं. तिथे नखाएवढा पातळ कागद चिकटवला होता. तिरका. कडा कुरतडल्यासारख्या, एका कोपऱ्याला दोरे सुटल्यासारखे.

त्यांना वाटलं, इथेच ह्यांचा हात हलला. इथे पंख बिघडला, ह्यांनी कसाबसा कागद लावून झाकला, आणि ह्याचीच लाज वाटून काम सोडलं. बिचाऱ्यांनी हे मला सांगितलंसुद्धा नाही.

मग काय, बाई कामाला लागल्या. कागद खरवडून काढला, खालच्या पंखावर गोंदाचे खळगे आणि ओरखडे राहिले. चष्मेवाल्यांच्याच डबीतली पुट्टी सुईच्या टोकाने भरली, सुकू दिली, पॉलिश पेपरने घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. तुटलेल्या फासळ्यांच्या रेघा सुईने ओढून अशा जोडून घेतल्या, की कुठे जुनी संपते आणि कुठे नवी लागते ते त्यांनाच कळेना. कित्येक दुपारी गेल्या. शेवटी पंख खिडकीच्या काचेला लावून पाहिला. आत्या असती तरी तिला सापडलं नसतं.

रंगाला हात घालण्याआधी, त्याच संध्याकाळी त्यांनी विमान चष्मेवाल्यांच्या पुढ्यात ठेवलं. ते दचकले, पण ओरडले नाहीत. मग डावा हात खिशातून काढून त्यांनी पंखावरून एक बोट फिरवलं, टोकापर्यंत नेलं, मागे आणलं, परत नेलं.

"इथं एक ठिगळ होतं," ते म्हणाले.

"होतं ना," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हाताची घडी घातली. "आता शोधून दाखवा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. चष्मेवाल्यांचा चेहरा असा उतरला की बाईंची घडी आपोआप सुटली.

"ते बाबांचं होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, पंखाकडे बघत. बाबा युद्धात होते ते विमान चालवायला नव्हे. विमानं रात्री जायची आणि भोकं पडून परत यायची, आणि मैदानात उभे राहून ती भोकं बुजवणाऱ्यांत बाबा होते. कापड कापायचं, चिकटवायचं, वरून उग्र वासाचं लुकण चोपडायचं, की वाळून कापड ढोलासारखं ताणलं जाई. मग ते विमान पुन्हा वर. बाबांचा तिथला एकच फोटो आहे. डाव्या पंखाखाली उभे आहेत आणि वरच्या ठिगळाकडे बोट करून हसताहेत. ठिगळ तिरकं आहे, कडा निघाल्यात, कारण विमानाला निघायची घाई होती. बाबा दुसऱ्या कुठल्याच फोटोत हसलेले नाहीत. हे विमान त्या ठिगळासाठीच करायला घेतलं होतं. रंगाच्या आधी ते लावलं, फोटो समोर ठेवून, आणि त्या दिवशी हात इतका स्थिर राहिला की त्यांना स्वतःलाच खरं वाटेना. त्यानंतर तो तसा एकदाही राहिला नाही.

गेलं ते काय गेलं, ते आता बाईंना कळलं. नवऱ्याच्या हातून झालेलं शेवटचं नीट काम त्यांनी घासून सपाट केलं होतं. आणि दुसरंही एक कळलं, तेही फार उशिरा. सासरे म्हातारपणी दुपारचे जिन्याखालच्या खोलीत येऊन बसायचे. बोलायचे नाहीत, बाईंच्या हातांकडे बघत राहायचे. बाईंना वाटायचं, म्हाताऱ्याला घरी करमत नसेल. एकदा जरी विचारलं असतं, की मामंजी, काय बघता एवढं, तर त्यांनी सांगितलं नसतं का?

"मी परत लावते," त्या म्हणाल्या. चष्मेवाले म्हणाले, लाव. उठले आणि आत जाऊन पडले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दुकान उघडलंच नाही. फोटो दिव्याला टेकवला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद कापला, चिकटवला, वाळू दिला. चष्मेवाल्यांना बोलावलं. त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, कुठाय? बाईंनी वाकून पाहिलं. खरंच की, ठिगळ होतं, पण पंखात पार विरघळून गेलं होतं. त्यांनी ते काढलं आणि दुसरं लावलं, मुद्दाम तिरकं. लावताना बोटांनी कधी सरळ केलं त्यांना कळलं नाही. तिसऱ्याच्या कडा कुरतडून घेतल्या, तर चिकटवताना नखाने त्या दाबून दाबून बसवल्या. जित्याची खोड म्हणतात ती उगीच नाही. डोकं सांगत होतं दिसू दे, आणि हात आत्याचं ऐकत होते.

चष्मेवाले खुर्चीतून हे बघत होते. शेवटी त्यांनी तोंड उघडलं.

"मुद्दाम करतेस. म्हणजे मी म्हणावं, आण इकडे, मीच करतो. मला नको आहे असली कीव."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळपासून मान मोडून बसलेली बाई ती. कात्री टेबलावर आपटून त्या म्हणाल्या, की कीव करायला मला वेळ नाही. सगळा जन्म हाताला वळण लावण्यात घालवला, आज ते मोडता मोडत नाही, आणि वर तुम्ही मला नाटकी म्हणा. एवढं म्हणून त्या रडायला लागल्या. दुःखाने कमी आणि चिडून जास्त.

चष्मेवाले उठले. टेबलावरचं भिंग घेऊन त्यांनी पंख डोळ्यांजवळ नेला. भिंग हातात हलत होतं, पण बघायला पुरेसं होतं. बाईंनी कागदाच्या कडा ब्लेडने इतक्या तासल्या होत्या की कड उरलीच नव्हती. कागदाचा उभा पोत फासळ्यांच्या रेघांशी जुळवून घेतला होता. हे कोणी सांगितलं होतं हिला? कोणीच नाही. खोटं खोटं चुकणारा माणूस काम बिघडवतो. इथे तर दरखेपेला काम आधीपेक्षा सरस झालं होतं.

आणि चष्मेवाले हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. कित्येक महिन्यांत त्या घराने तो आवाज ऐकला नव्हता.

"अगं, तुला साधं वाईट काम करता येत नाही?"

"नाही येत," बाई नाक पुसत म्हणाल्या. "तुम्ही करा."

तोंडातून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. पण चष्मेवाल्यांनी कात्री उचलली होती, उजव्या हाताने, खिशातून बाहेर काढून, बायकोच्या देखत. कात्री कागदावर कडकड वाजली. कड अशी निघाली, जशी उंदराने खाल्लेली असावी. गोंद हवा तिथे लागला आणि नको तिथेही लागला. ठिगळ पंखावर टेकलं, घसरलं, त्यांनी ते ओढून आणलं, आणि बसलं तेव्हा ते तिरकं होतं आणि एक कोपरा वर आला होता. बाईंची बोटं नुसती शिवशिवत होती. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि गोंद वाळेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

फोटोतल्यासारखं झालं, असं म्हणणं खोटं होईल. थोडं मोठं झालं होतं, आणि तिरकं दुसऱ्याच अंगाला. पण दिसत होतं, पार दारातून दिसत होतं. चष्मेवाल्यांनी ते दारात जाऊनही पाहिलं आणि खिडकीत जाऊनही पाहिलं.

पुढचे काही आठवडे त्या घरात नुसती वादावादी. रंग बाईंनी मारायचा आणि हुकूम चष्मेवाल्यांनी सोडायचे. पातळ कर, अजून पातळ, फवारा लांब धर, कपड्याला इस्त्री करत नाहीयेस तू. बाई म्हणत, एवढं कळतं तर मारा की तुम्हीच. तांदळाएवढ्या काचा बाईंनी सुईला थुंकी लावून उचलल्या आणि जागच्या जागी ठेवल्या; ही युक्ती चष्मेवाल्यांना जन्मात सुचली नव्हती. पंखांवर लावायच्या खुणांचे चिकट कागद पाण्यात भिजवून जागेवर सरकवताना तर दोघांचे श्वास एकदम थांबायचे. जिन्याखालच्या खोलीत लोक कपडे घेऊन यायचे आणि बाई अजून आल्या नाहीत म्हणून परत जायचे. जेवायला हाक मारायला कोणी उरलंच नव्हतं.

असं करत सगळं झालं आणि ठिगळाचा रंग तेवढा राहिला. ठिगळाचं कापड नवं असतं, त्याचा रंग जुन्यापेक्षा जरा निराळा हवा, आणि तो कुंचल्यानेच द्यायला हवा. हे काम चष्मेवाल्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. त्यांनी कुंचला रंगात बुडवला, पंखाजवळ नेला आणि थांबले. त्या दिवशी हात फारच वाईट होता. कुंचल्याचं टोक पंखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरत होतं. जरा चुकलं असतं तर सगळ्या रंगाचा विचका झाला असता. त्यांनी कुंचला परत वाटीत ठेवला आणि हात खाली घेतला. बाईंना वाटलं, संपलं, आता पुन्हा खोकं कपाटावर.

मग चष्मेवाले विमानाकडे बघत म्हणाले, "हात गेल्यावर मी तुझ्या काय कामाचा, असं वाटत होतं. रोज वाटायचं."

बाईंना उत्तर शोधावं लागलं नाही.

"तुम्हाला मी कामावर ठेवलं होतं का?"

चष्मेवाल्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. त्यांनी कुंचला पुन्हा उचलला आणि हात तसाच, हलत होता तसाच, तिच्यापुढे केला.

"मग धर मनगट," ते म्हणाले. "एवढं ठिगळ राहिलंय."

बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि धरलं. थरथर त्यांच्या हातात उतरली, कोपरापर्यंत आली, आणि त्यांनी ती येऊ दिली.